देवाच्या नावाचं वांगं

पंगतीत दिलेला शब्द उष्ट्या पत्रावळीबरोबर फेकून देता यावा, अशी सोय आपल्या धर्मात असायला हवी होती. ती नसल्यामुळे पांढरकवड्याच्या किसनरावांचं वर्षभर जे काही झालं, ते झालं.

किसनरावांच्या घरचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मास लागला की घरात वांगं वर्ज्य, ते थेट चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळ्यांनी असं तुटून पडायचं, की चार-पाच महिन्यांचा उपास वांग्याचा होता की अन्नाचा, असा प्रश्न पडावा. आता भरिताला वांगी लागतात, आणि ती दरवर्षी येत मुकुटबनहून. किसनरावांची लेक निकिता तिथे दिलेली. तिचे सासरे बाबाराव म्हणजे कपाशी, तूर आणि विहिरीकाठी भाजीचा पट्टा असलेले तालेवार शेतकरी. ते सटीला, म्हणजे चंपाषष्ठीला, वांग्यांचं पोतं घेऊन येत आणि स्वयंपाकघरात न नेता बैठकीच्या मधोमध ठेवत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वळसा घालूनच जावं लागे.

गेल्या सटीला भरिताचा दुसरा वाढा घेताना बाबाराव सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं आपल्या व्याह्यांना म्हणाले, "इवाई, देव तुमचा, तवा तुमचा, अन् वांगं दरसाली आमचं. खंडोबा एखांद्या साली मुकुटबनलेच राहाले येईन, पाहा."

पंगत हसली. ते एक वेळ चाललं असतं, पण वाढता वाढता निकिताही हसली. पोटची पोर सासरकडून हसली म्हटल्यावर बापाचा घास घशात अडकणारच. किसनरावांनी पाण्याचा घोट घेतला, मान ताठ केली आणि म्हणाले, "पुढच्या सटीले तुमी खाली हातानं या. वांगं माह्या आंगणातलं राहीन."

मैनाबाईंनी हातातला तुपाचा चमचा भांड्यात परत ठेवला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, त्यामुळे नवरा कुठे घसरला हे त्यांना आवाजावरून कळत असे.

किसनराव महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी जमिनीचंच काम केलं, फक्त ती जमीन कागदावरची होती. कोणता गट कोणाच्या नावावर, कोणाचा बांध कोणी कोरला, हे ते झोपेत सांगत. त्यांचे वडील केळापूरला कपाशी पिकवत, म्हणून शेती आपल्या रक्तात आहे असं त्यांचं ठाम मत होतं. रक्तात असेल, पण हातात उतरली नाही, असं मैनाबाईंचं मत होतं, आणि दोघंही आपापल्या मतावर सुखी होते.

उन्हाळा असा तयारीतच गेला. तयारी म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ पाहणं. पावसाळा लागल्यावर किसनराव कुदळ घेऊन मागच्या अंगणात उतरले. डोक्याला दुपट्टा बांधून त्यांनी पहिला घाव घातला आणि कुदळीतून ठिणगी उडाली. दुसऱ्या घावाला पुन्हा ठिणगी, आणि तिसऱ्या घावाला कमरेत काहीतरी बोललं. लेआउट पाडताना प्लॉटवर मुरूम भरलेला असतो. त्या मुरमावर घर उत्तम उभं राहतं आणि दुसरं काहीही उभं राहत नाही. हे अंगणच सदोष आहे, असा निकाल किसनरावांनी दिला. मैनाबाई दारातूनच म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

भिंतीपलीकडून शेजारचे पूनमसिंग राठोड हे सारं पाहत होते. पूनमसिंगांची हयात एसटीचं चाक फिरवण्यात गेलेली, त्यामुळे जगातल्या कोणत्याही गोष्टीचा विचार ते रस्त्याच्या अंगानं करत. त्यांनी वाकून मुरमाचा खडा उचलला, बोटांत फिरवला आणि म्हणाले, "किसनभाऊ, याच्यावर बस चालते. वांगं नाही चालत. काळी माती आणा लागते." सल्ला इतका बरोबर होता, की किसनरावांना तो मनापासून आवडला नाही.

माती आणायची तर केळापूरच्या वडिलोपार्जित शेतातलीच, असं त्यांनी ठरवलं. ते शेत आता चुलतभाऊ रवी वाहत होता. बापाच्या मातीतलं वांगं देवाला जाईल, या विचारानं किसनरावांचे डोळेसुद्धा पाणावले. पोळ्याच्या आदल्या दिवशी रवीनं ट्रॅक्टरची ट्रॉली भरून दिली. किसनराव स्वतः मडगार्डवर बसून, मिरवणुकीत बसावं तसे, हायवेपर्यंत आले. तिथे महसूल खात्याच्या एका तरुण कर्मचाऱ्यानं हात दाखवून ट्रॅक्टर थांबवला. तो जीवन होता. नोकरीला लागला तेव्हा किसनरावांच्याच टेबलाशेजारी बसून शिकलेला.

जीवननं आधी वाकून नमस्कार केला आणि मग माती वाहून नेण्याचा परवाना मागितला.

किसनराव म्हणाले, "अरे, घरची माती हाये. आंगणात टाकाची हाये."

जीवनचा चेहरा कसनुसा झाला. "साहेब, घरची असो का दारची, पासाबिगर चमचाभर माती हलू द्याची नाही, हे तुमीच शिकवलं होतं."

ते खरंच होतं. हे वाक्य किसनराव निरोपाच्या समारंभातही बोलले होते आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. आता मडगार्डवर बसून त्यांना एकाच वेळी शिष्याचा अभिमानही वाटला आणि त्याच्या कानाखाली द्यावीशीही वाटली. शेवटी ते उतरले आणि ज्या कचेरीत जन्मभर आत बसले होते, तिच्या बाहेरच्या बाकड्यावर अर्ज घेऊन बसले.

अर्जात 'प्रयोजन' असा रकाना असतो. किसनरावांनी 'धार्मिक' लिहिलं, तर मंदिर कोणतं, ही विचारणा झाली. 'शेती' लिहिलं, तर प्लॉट अकृषक निघाला. 'बांधकाम' लिहायला मन धजेना, कारण खोटी माहिती देणाऱ्याचं काय होतं हे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. या सगळ्या शंका त्यांनी स्वतः पूर्वी लोकांना काढलेल्या होत्या, आणि त्या इतक्या टोचतात याची त्यांना कल्पना नव्हती. अखेर वैतागून त्यांनी रकान्यात 'वांगे' असं लिहून दिलं. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि 'घरगुती' असा शेरा मारून सही केली. इतका सोपा शब्द आपल्याला कसा सुचला नाही, याचं किसनरावांना बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

पास हातात पडेपर्यंत संध्याकाळ झाली आणि पाऊस भरून आला. ट्रॅक्टरवाल्याला घरी जाऊन बैलांची खांदेमळणी करायची होती. गल्लीत अंधारात ट्रॉली वळेना, तेव्हा त्यानं मागचा पुढचा विचार न करता ती उलटी केली आणि तो निघून गेला. माती पडली ती अर्धी किसनरावांच्या फाटकासमोर आणि अर्धी पूनमसिंगांच्या. वरून पाऊस कोसळला. सकाळी गल्लीत असा चिखल होता, की पोळ्याचे सजवलेले बैलसुद्धा पलीकडच्या गल्लीनं नेले गेले. शेजाऱ्यांनी खिडकीतून सल्ले दिले. पूनमसिंगांची स्कूटर आठवडाभर अंगणातच अडकून राहिली, पण माणूस मोठ्या मनाचा, घाटात दरड कोसळली की वाट पाहावी लागतेच एवढंच म्हणाला. किसनरावांनी आपल्या वाटणीची माती घमेल्यानं ओढून मागे नेली. पूनमसिंगांच्या दारातली ओढायची वेळ आली तेव्हा त्यांची कंबर बसली, आणि तो ढीग तिथेच राहिला.

मग रोपांची गोष्ट. पूनमसिंगांच्या पत्नी बसंतीबाई माहेरच्या तांड्यावरून वांग्याच्या रोपांची जुडी घेऊन आल्या. काटेरी वाण, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा. त्यांच्या याडीनं, म्हणजे आईनं, हे बी वर्षानुवर्षं राखलेलं. अर्धी जुडी त्यांनी भिंतीवरून मैनाबाईंना दिली. उरलेली रोपं कुठे लावायची म्हणून त्यांनी दारातल्या मातीच्या ढिगातच खोचून टाकली. ढिगाचा तेवढाच उपयोग, असा त्यांचा साधा हिशेब.

किसनरावांचं काम मात्र शास्त्रशुद्ध होतं. त्यांनी सुतळी ताणून वाफे आखले, रोपांच्या रांगा अशा सरळ लावल्या की मोजणी खात्यानं धडा घ्यावा, आणि प्रत्येक वाफ्याला पाटी लावली. रोपांनी अंग धरलं, पानं तरारली. सकाळी किसनराव चहा घेऊन अंगणात उभे राहत आणि रस्त्यानं कोणी जात असेल तर थोडं खाकरत. त्या दिवसांत त्यांच्याएवढा सुखी माणूस तालुक्यात नसेल.

पण दैव देतं आणि कर्म नेतं. पानांवर माव्याची कीड दिसली आणि किसनरावांनी व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे निंबोळीचा अर्क करायला घेतला. सगळं घर कडू वासानं भरून गेलं. फवारायला पंप हवा म्हणून तो रवीकडून आणला. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा आणि डोळ्यांना गॉगल, अशा थाटात त्यांनी एकेक रोप न्हाऊ घातलं. शेवटच्या कोपऱ्यातल्या रोपापाशी पंप संपला. ते रोप तेवढं कोरडं राहिलं, याची त्यांना रात्री चुटपुट लागली.

एक-दोन दिवसांत पानं मुरडायला लागली. मग पिवळी पडली. मग रांगच्या रांग, सुतळीत अगदी सरळ, माना टाकून उभी राहिली. किसनरावांनी रवीला फोन लावला. रवी म्हणाला, "भाऊ, पंप धुतला होता न? मी त्याच्यात तणनाशक मारलं होतं पराटीच्या धुऱ्याले." कपाशीच्या मुलखात धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत मारलेला पंप दुसऱ्या कामाला घेण्याआधी साबण-सोड्यानं धुवायचा असतो, हे शेंबडं पोरही जाणतं. किसनराव अव्वल कारकून होते. त्यांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ मेलेल्या रांगांकडे बघत बसून राहिले.

वाचलं ते एकच, कोपऱ्यातलं, ज्याला अर्क पुरला नव्हता ते रोप.

आता सारा जीव त्या एका रोपात. मेलेल्या वाफ्यांची माती खरवडून, बाजूला उरलेली घालून, दसऱ्याला किसनरावांनी तिथे मेथी, पालक, मुळा आणि सांबार टाकला. सांबार म्हणजे कोथिंबीर, तुमच्या इडलीबरोबरचा नव्हे. ते सगळं मात्र इतकं छान उगवलं, की किसनराव मेथीची जुडी पिशवीत न घालता हातात धरून गल्लीभर हिंडत आणि कोणी विचारायच्या आधीच सांगत, घरची आहे. पण मेथीनं भरीत होत नाही. नवरात्रात कोपऱ्यातल्या रोपाला फूल आलं आणि कोजागिरीपर्यंत एक वांगं धरलं. बोराएवढं, जांभळं, काटेरी. किसनरावांनी हात जोडले आणि जाहीर केलं, की पहिलं फळ देवाच्या नावाचं. ते सटीलाच तुटेल आणि तोवर या झाडाला कोणी बोट लावायचं नाही.

मग राखण सुरू झाली. जंगलाकडून वानरांची टोळी यायची, म्हणून किसनरावांनी उंदराचा पिंजरा कापून त्यात वांगं बसवलं. दृष्ट लागू नये म्हणून पिंजऱ्याला काळा दोरा बांधला. नाकतोडा आत शिरेल म्हणून वरून मच्छरदाणीचा तुकडा घातला. ज्या पिंजऱ्यात आयुष्यभर उंदीर बसले, त्यात वांगं बसलेलं बघायला गल्लीतली माणसं येत, आणि किसनराव त्यांना जरा लांबूनच बघायला सांगत. झाडाला आणखी फुलं यायची आणि गळून पडायची. पलीकडे पूनमसिंगांच्या दारातल्या ढिगावर मात्र वांग्यांनी उच्छाद मांडला होता. त्यांच्याकडे चातुर्मासाची अडचण नव्हती. बसंतीबाई रोज कोवळी वांगी तोडत, रोज नवी येत, आणि रोज संध्याकाळी भाजल्या वांग्याचा वास भिंत ओलांडून उपाशी घरात शिरत असे.

पूनमसिंग कळवळून म्हणाले, "किसनभाऊ, तेवढं एक तोडा. झाड त्यालेच पोसून राह्यलं, म्हनून दुसरं धरत नाही."

किसनराव म्हणाले, "देवाच्या नावाचं हाये. मधात तोडता येत नाही."

दिवाळी गेली. वांगं वाढलं, फुगलं, मग वाढायचं थांबलं. एक दिवस मैनाबाई पिंजऱ्यात डोकावून म्हणाल्या, "अवो, हे जांभळं होतं न?"

"पिकून राह्यलं," किसनराव म्हणाले.

"वांगं पिकत नसते. जून होते."

सटीच्या आदल्या दिवशी वांगं पिवळंधमक झालं होतं आणि बोट मारलं की टणटण वाजत होतं. एका वांग्यात पंगत होत नाही, आणि या वांग्यात तर घासही होणार नव्हता. किसनराव पिशवी घेऊन बाजारात गेले. वांग्यांच्या ढिगासमोर उभे राहिले. विकत आणावीत आणि आपल्याच झाडाची सांगावीत, असा पापी विचार मनात आलाही. तेवढ्यात भाजीवाला म्हणाला, "यंदा तं घरचेच वांगे न, साहेब?" मागे दोघं-तिघं वळून पाहायला लागले. किसनराव मिरच्या घेऊन परत आले.

सटीच्या सकाळी त्यांनी आंघोळ करून पिंजरा उघडला. ते एकुलतं एक वांगं तोडून, अख्खंच, भंडारा वाहून देवासमोर ठेवलं. पिवळ्यावर पिवळं. मागे वळले तर मैनाबाईंच्या हातात कोवळ्या, काटेरी वांग्यांनी भरलेलं टोपलं होतं. बसंतीबाईंनी भिंतीवरून दिलेलं.

किसनरावांमधला कारकून जागा झाला. माती आपल्या बापाच्या शेतातली, परवाना आपल्या नावाचा, म्हणजे एका अर्थी वांगी आपलीच होतात, असं त्यांनी मांडायला सुरुवात केली. मैनाबाई शांतपणे म्हणाल्या, "ढीग त्यायच्या दारात, रोप तिच्या याडीचं, पाणी तिनं टाकलं. आता तुमीच सांगा, सातबारा कोनाच्या नावानं निघन." कब्जेदाराच्या रकान्याचं महत्त्व किसनरावांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

बाबाराव आले ते ठरल्याप्रमाणे रिकाम्या हातानं. दारातच त्यांनी दोन्ही पंजे उघडून दाखवले. पंगत बसली. पूनमसिंग आणि बसंतीबाईही होते. नैवेद्य झाला, भरीत वाढलं, आणि बाबारावांनी पहिला घास घेतला. काहीतरी टोमणा येणार म्हणून किसनराव पाठ ताठ करून बसले होते. पण बाबारावांनी दुसरा रोडगा कुस्करला, भरीत मागून घेतलं, पुन्हा मागून घेतलं. मग हात थांबवून म्हणाले, "इवाई, हे वांगं कुठचं?"

पूनमसिंगांनी मित्राकडे पाहिलं आणि घाईनं म्हणाले, "किसनभाऊच्याच मातीतलं हाये."

यात खोटं काही नव्हतं. किसनरावांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. निकिता पाण्याचा तांब्या घेऊन बापाकडे बघत उभी होती. वर्षभराची कमाई त्या एका होकारावर होती. किसनरावांनी हातातला घास पानात ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "वांगे पूनमसिंगच्या दारातले. बसंतीबाईनं लावलेले. माह्या आंगणात एकच धरलं, अन् ते खाण्याजोगं नाही राह्यलं." आणि ते उठून देवासमोरचं वांगं घेऊन आले.

भंडारा माखलेलं ते पिवळं, टणक प्रकरण बघून पंगतीत खसखस पिकली. निकिता हसली नाही. बाबाराव पण हसले नाहीत. त्यांनी हात धुतले, वांगं दोन्ही हातांत घेतलं, अंगठ्यानं दाबलं, कानापाशी नेऊन हलवलं.

"हे कोनी तोडू नाही देल्लं?"

"मीच. देवाच्या नावाचं होतं."

बाबारावांनी आपल्या पानातल्या भरिताकडे पाहिलं. "माह्या मायच्या हातचं भरीत असं लागे," ते म्हणाले. "हे काटेरी वांगं आमच्या घरी होतं. आमी पाकिटाचं बी आनाले लागलो, अन् ह्याचं राखाचंच राहून गेलं. आज तोंडात आलं तं वळखू आलं." मग बसंतीबाईंकडे वळून त्यांनी बी आहे का म्हणून विचारलं.

बसंतीबाईंनी मान हलवली. तांड्यावरची भाजीची वाडी यंदाच्या पावसात पार सडून गेली, याडीकडचं बी सगळं रोपालाच टाकून झालं होतं. आणि आपल्या दारातलं त्यांनी स्वतःच रोज कोवळं तोडून खाल्लं. जून व्हायला एकही ठेवलं नाही. "आता जे हाये ते त्या एका वांग्यात हाये, भाऊ," त्या किसनरावांना म्हणाल्या. "मले बी थोडं द्या लागते तुमाले. माह्या याडीची निशानी हाये."

पंगतीतली खसखस विरली. बाबारावांनी ते वांगं सावकाश किसनरावांच्या हातात परत दिलं, आणि मग आपला उजवा पंजा, सकाळी दारात रिकामा दाखवलेला, तसाच पुढे धरला. "इवाई, मूठभर मलेही द्या."

किसनरावांना अभिमानानं भरून आलं. खोटं कशाला सांगा, डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर लोक त्यांच्याकडे सही मागायला आले, शिक्का मागायला आले, पण त्यांनी स्वतः राखलेलं असं काही कोणी कधी मागितलं नव्हतं. त्यांनी कचेरीतल्या खुर्चीवर बसायचे तशी बैठक मारली, वांगं मांडीवर घेतलं आणि सांगितलं, की आधी चिरून, बी धुऊन, सावलीत वाळवावं लागेल. पहिला वाटा बसंतीबाईंच्या याडीचा. बाबारावांचा त्यानंतर, आणि तो निकिताच्या हाती पाठवला जाईल. बाबारावांनी मुकाट्यानं मान डोलावली. निकिता आता हसली, पण ते हसणं माहेरचं होतं.

निघताना बाबारावांनी फाटकाशी थांबून विचारलं, "मंग पुढच्या सटीले बी मी खाली हातानंच येऊ का, इवाई?"

"कायले?" किसनराव म्हणाले. "वांगे तुमीच आना. बी माहं राहीन."